लहान चणीचा सोबती

श्राद्धाच्या दिवशीं पानावर बसण्यापूर्वीं गाय, कुत्रा व कावळा यांच्यासाठीं घांस काढून ठेवण्याची आपल्याकडे चाल आहे. दत्ताच्या तसबिरींत प्रभूंच्या पायाशीं चार कुत्रे असतात. महाप्रस्थानाच्या वाटेवर सोबत आलेल्या कुत्र्यास टाकून स्वर्गांत पाऊल ठेवण्यास धर्मराजानें नकार दिला, ही कथा तर आपण मुलांना मोठ्या कौतुकानें सांगतों. इतकें असूनहि कुत्र्याची जागा आपण उंबरठ्याबाहेरच ठेवली होती. घांस त्याचा, पण अंगणांत; माया त्याच्यावर, पण हात धुऊन घेण्याइतपत. गेल्या चाळीसएक वर्षांत मात्र लहान चणीच्या, झुबकेदार केसांच्या कुत्र्यांनीं हा उंबरठा ओलांडला आणि तीं थेट दिवाणखान्यांतील गादीवर जाऊन बसलीं. अंगणांतल्या कुत्र्यास कसें वागवावें हें आपल्या आजीपणजींना ठाऊक होतें. गादीवरच्या कुत्र्यास कसें वागवावें याचे नियम मात्र पुष्कळ घरांनीं अजून ठरविलेलेच नाहींत. त्या नियमांविषयीं, आमच्या घरच्या अनुभवाच्या आधारें, चार शब्द लिहावेसे वाटतात.

प्रथम जातीविषयीं. आमच्या भागांत पांढऱ्या, झुबकेदार अशा कोणत्याहि कुत्र्यास ‘पामेरियन’ म्हणतात. खऱ्या पामेरियनला नांव मिळालें तें बाल्टिक समुद्राच्या किनाऱ्यावरील पोमेरेनिया या प्रांतावरून. तो प्रांत आज कांहीं पोलंडांत व कांहीं जर्मनींत आहे. व्हिक्टोरिया राणीनें १८८८ सालीं इटलींतील फ्लॉरेन्सहून मार्को नांवाचा असा एक कुत्रा आणला. त्याचें वजन साडेपांच किलोंच्या आसपास होतें, आणि त्या काळच्या मानानें तो लहानच गणला गेला. पुढें ही हौस वाढत जाऊन आजचा पामेरियन दीड ते सव्वातीन किलोंचा उरला आहे. आपल्याकडे घरोघर दिसतो तो बहुधा ‘इंडियन स्पिट्झ’ असतो. जर्मन स्पिट्झच्या कुळांतून निघालेला, भारतांत रुळलेला, त्याच्या लहान प्रकारांत पांच-सात किलोंचा, अंमळ लांब नाकाचा आणि आपल्या हवेस सरावलेला असा हा प्राणी आहे. केनेल क्लब ऑफ इंडिया या संस्थेनें ती स्वतंत्र जात मानली आहे. १९९४ सालच्या ‘हम आपके हैं कौन’ या बोलपटांतील टफी वाचकभगिनींना आठवत असेल. तो याच कुळांतला. पुढें २००३ सालीं एका दूरध्वनी कंपनीच्या जाहिरातींत चेपट्या नाकाचा पग दिसला, आणि लोक पग मागूं लागले. चेपट्या नाकाच्या कुत्र्यास उन्हाळ्यांत श्वास पुरत नाहीं, ही गोष्ट जाहिरातींत कोण सांगणार? सोलापूर जिल्ह्यांत मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या वर जातो. तेव्हां कुत्र्याची निवड पडद्यावरून न करतां आपल्या गांवच्या हवेवरून करावी, हा पहिला नियम.

आमचा मोती नातेपुत्यास आला तो २०२२ च्या दिवाळींत. पुण्यास असलेल्या मुलाची नेमणूक परदेशीं झाली, आणि एक वर्षाचा हा पांढराशुभ्र जीव टोपलींत बसून आमच्या वाड्यांत दाखल झाला. पुण्याच्या सदनिकेंत तो सर्वांच्या हातांवर वाढलेला. तो भुंकला कीं कोणीतरी उचलून घ्यावें, गुरगुरला कीं ‘किती राग येतो बाई सोन्याला’ म्हणून हंसावें, पानांतली पोळी ओढली तर त्याचें छायाचित्र काढून आप्तेष्टांस धाडावें, असा तेथील क्रम होता. शिवाय ज्या विक्रेत्याकडून तो घेतला, त्यानें अवघ्या पांच आठवड्यांचा असतांना त्यास आईपासून तोडलेलें. पिल्लू आईजवळ व भावंडांत निदान आठ आठवडे तरी राहावें लागतें. खेळतांना दांत किती जोरानें लावावा, भावंड ओरडलें कीं कसें सोडावें, हे धडे तेथेंच मिळतात, आणि मागून ते माणसांना शिकवितां येणें कठीण जातें. मोतीचे हे धडे राहूनच गेले होते.

तिसऱ्याच दिवशीं रतिबाचें दूध घेऊन येणाऱ्या मुलाच्या टांचेस त्यानें दांत लावले. जखम ओरखड्याएवढीच होती. परंतु रक्त दिसत होतें. वाहत्या पाण्याखालीं साबण लावून ती पंधरा मिनिटें धुतली, आणि ह्यांनीं त्या मुलास लगोलग सरकारी दवाखान्यांत नेऊन लस टोंचविली. मोतीस रेबीजची लस दिलेली असल्याचे कागद आमच्यापाशीं होते; तरी डॉक्टरांनीं सांगितलेल्या सर्व तारखा पाळल्या. या रोगाचीं लक्षणें एकदां उमटलीं कीं रोगी बहुधा वांचत नाहीं. लक्षणांपूर्वीं घेतलेली लस मात्र त्यास अटकाव करते. पाश्चर यांनीं ६ जुलै १८८५ रोजीं एका नऊ वर्षांच्या मुलास पहिली लस टोंचली. आपल्याकडे कसौलीस १९०० मध्यें व कुन्नूरला १९०७ मध्यें पाश्चर संस्था निघाल्या. पोटांत घ्याव्या लागणाऱ्या चौदा सुयांची धास्ती आपल्या पिढीच्या मनांत बसलेली आहे. पण ती जुनी लस भारतांत कधींच बंद झाली, आणि आतांच्या सुया दंडांत, थोड्या व सोसण्याजोग्या असतात. ‘एवढासा तर कुत्रा, एवढासा तर ओरखडा’ असें म्हणून हळद दाबणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें. ओरखड्याची भीति कुत्र्याच्या उंचीवर अवलंबून नसते.

त्या संध्याकाळीं आमच्या सासूबाईंनीं निकाल दिला. त्यांचें वय पंच्याऐंशीच्या घरांत. नातेपुतें हें ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीच्या मुक्कामाचें गांव, आणि आमच्या वाड्यांत त्यांच्या सासऱ्यांच्या वेळेपासून एक दिंडी उतरत आलेली. त्या एवढेंच म्हणाल्या, “आषाढांत दिंडी येईल तेव्हां हा या घरांत एक तर शहाण्यासारखा असेल, नाहीं तर नसेल. माझ्या दारांत वारकऱ्याच्या पायाचें रक्त मला पाहवणार नाहीं.” एवढें बोलून त्यांनीं जपमाळ हातीं घेतली. त्यांचें बोलणें रास्त होतें. तथापि मोतीस धाडावयाचें तरी कोठें? मुलगा साता समुद्रांपलीकडे. आणि गादीवर वाढलेलें कुत्रें रस्त्यावर सोडणें म्हणजे त्याचा जीव घेणेंच. हातांत कार्तिकापासून ज्येष्ठापर्यंतचे आठ महिने होते.

शिक्षणास आरंभ केला तो मोतीच्या नव्हे, घरांतील माणसांच्या. पुण्याच्या घरीं त्यास बसावयास सांगतांना एक जण ‘सिट’ म्हणे, दुसरें ‘बस’ म्हणे, आणि कामाची बाई ‘हाड’ म्हणे. त्या बिचाऱ्यानें कोणता शब्द खरा धरावा? आम्हीं चारच शब्द ठरविले: बस, थांब, सोड, जागेवर. कागदावर लिहून ते दिनदर्शिकेशेजारीं चिकटविले, आणि शेजारच्या मुलांपासून सासूबाईंपर्यंत सर्वांना तेच बोलण्याचें बंधन घातलें. शब्द एकदांच उच्चारावयाचा. मोतीनें तो मानला कीं त्याच क्षणीं शिजलेल्या गाजराचा नखाएवढा तुकडा किंवा भाकरीचा कण द्यावयाचा. बक्षीस मिनिटभर उशिरां दिलें तर तें कशाबद्दल मिळालें हें त्यास उमगत नाहीं. पांच-पांच मिनिटांचे तीन पाठ, तेहि जेवणापूर्वीं. एवढीच ही शाळा. मी तीस वर्षें प्राथमिक शाळेंत शिकविलें आहे. एकाच धड्यावर तासभर घोटीत बसण्यापेक्षां थोडें शिकवून, जमल्याबरोबर शाबासकी देऊन थांबणें अधिक फळतें, हा तेथील अनुभव येथेंहि खरा ठरला.

मारावयाचें नाहीं, हाहि नियमच होता. यांत केवळ दया नाहीं, हिशेबहि आहे. धपाटा बसला कीं कुत्रें आपल्या वागण्याचा विचार करीत नाहीं. तें मारणाऱ्या हाताचें भय धरतें, किंवा त्या वेळीं समोर असलेल्या परक्याचा राग धरतें. गुरगुरण्याबद्दल तर मुळींच मारूं नये. गुरगुरणें ही त्याची सूचना असते. ती मारून बंद केली तर पुढच्या वेळीं तें सूचना न देतां चावतें. गुरगुर ऐकूं आली कीं आपण मागें सरावें, आणि ती कशामुळें आली तें शोधून मग त्या गोष्टीची हळूहळू संवय लावावी.

सर्वांत कठीण गेला तो उचलून न घेण्याचा नियम. लहान कुत्र्याचें सारें दुर्दैव त्याच्या लहानपणांत आहे. माळशिरस-माणच्या माळावर मेंढरांमागें जाणारे धनगरांचे कुत्रे पाहावे: लांडग्यावर धांवून जाणारे, पण धन्याच्या एका हांकेसरशीं परतणारे. त्यांतला एखादा पाहुण्यावर गुरगुरला तर धनगर हंसत नाहीं. मोती गुरगुरला तर मात्र सर्वांना हंसूं येतें, कारण तो दुलईच्या बोंडासारखा दिसतो! स्वभाव दोघांचा एकच. एकास शिस्त लागते आणि दुसऱ्यास कौतुक मिळतें. सतत कडेवर असलेल्या कुत्र्यास जमिनीवरचें जग भयाण वाटूं लागतें. मोठा माणूस म्हणजे डोंगर, त्याची वहाण म्हणजे संकट. मग तें भिऊन भुंकतें, आपण उचलतों, आणि भुंकलें कीं उचलतात हा धडा आपणच त्यास रोज शिकवितों. म्हणून मोतीचे चारहि पाय भुईवर ठेवण्याचें ठरलें. तो भुंकत असतां कोणीं त्याच्याकडे पाहावयाचें नाहीं. गप्प बसला कीं जवळ जाऊन पाठीवरून हात फिरवावयाचा. पहिल्या आठवड्यांत त्यानें वाडा डोक्यावर घेतला. जुनी युक्ति चालेनाशी झाली म्हणजे कुत्रें ती सोडण्यापूर्वीं दुप्पट जोरानें करून पाहतें. पुष्कळ लोक नेमके याच वेळीं हार खातात. सासूबाईंनीं कानांत कापूस घातला, पण नियम मोडला नाहीं. तिसऱ्या आठवड्यांत घर शांत झालें.

अमेरिकेंतील स्कॉट व फुलर या शास्त्रज्ञांनीं कुत्र्यांच्या वागणुकीचा पुष्कळ वर्षें अभ्यास करून १९६५ सालीं आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. पिल्लाच्या तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यांत त्याला जीं माणसें, जे आवाज व ज्या जागा ओळखीच्या होतात, त्यांची भीति त्यास पुढें सहसा वाटत नाहीं, असें त्यांना आढळून आलें. मोतीचा तो काळ निघून गेला होता. पण दार अगदींच बंद झालें नव्हतें. माघांत ह्यांनीं भ्रमणध्वनीवर टाळ-मृदंगाचा आवाज अगदीं हळू लावून त्याच्यापुढें जेवणाची वाटी ठेवण्यास प्रारंभ केला. तो निर्धास्त जेवूं लागला कीं दोन-तीन दिवसांनीं आवाज किंचित् वाढवावयाचा; कान मागें पडलेले दिसले कीं पुन्हां कमी. चैत्रापर्यंत तो भर गजरांत जेवूं लागला. शेजारचे गृहस्थ एकेक करून धोतर नेसून, खांद्यावर पताका घेऊन, हातांत काठी घेऊन दारांत येत आणि मोतीकडे न पाहतां गाजराचा तुकडा टाकून निघून जात. गांवांत यावर थोडी थट्टा झाली.

आतां निगेविषयीं थोडें. या जातीचे केस दुपदरी असतात: आंत मऊ लोकर, बाहेर राठ केस. उन्हाळा आला म्हणून ते मुळापासून भादरूं नयेत. हा पडदा उन्हापासूनहि रक्षण करतो. आठवड्यांतून दोन-तीनदां विंचरून सुटलेली लोकर काढून टाकावी, आणि महिन्या-दीड महिन्यानें स्नान घालावें. कुत्र्यास आपल्यासारखा अंगभर घाम येत नाहीं. तें मुख्यतः धापेनें अंग निववितें. यासाठीं वैशाखांत त्यास सकाळीं सातच्या आंत व दिवेलागणीनंतरच फिरवावें, आणि रस्त्याचा तळवा आपण हात ठेवून पाहावा. हातास सोसवत नसेल तर त्याच्या पायांसहि सोसत नाहीं. गळपट्ट्याऐवजीं छातीवरून जाणारा पट्टा बरा, कारण लहान जातींची श्वासनलिका नाजूक असते. दांत रोज नाहीं तर एक दिवसाआड घासावे. लहान कुत्र्यांचे दांत लवकर किटतात. पावसाळ्यांत कान व बोटांच्या बेचक्यांत गोचीड पाहावी, कारण तिच्यापासून रक्ताचे वाईट रोग होतात. आमच्या तालुक्यांतले पशुवैद्य गाईम्हशींत मुरलेले. मोतीस तपासतांना त्यांस हंसूं येई, परंतु लशी त्यांनीं चोख दिल्या. अवघड दुखण्यास शिरवळचें पशुवैद्यक महाविद्यालय आम्हांस त्यांतल्या त्यांत जवळचें आहे.

शाकाहारी घरांत कुत्र्यानें खावें काय, असा प्रश्न अनेक भगिनी विचारतात. लांडग्याच्या मानानें कुत्र्यास पिष्ट पदार्थ पुष्कळ चांगले पचतात. माणसाच्या सहवासांत त्याच्या आनुवंशिकतेंतच हा पालट झाला, असें २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत दिसून आलें. तेव्हां भात-भाकरी त्यास वर्ज्य नाहीं. पण केवळ दूधभातावर त्याचें पोषण होत नाहीं. आमच्या वैद्यांनीं कोरड्या तयार खाद्याबरोबर उकडलेलें अंडें सुचविलें. मी सासूबाईंच्या तोंडाकडे पाहिलें. त्या म्हणाल्या, “त्याची काय मुंज झाली आहे? त्याचें त्याला द्या. भांडें मात्र परसांतलें.” शास्त्राचा असा निर्णय झाल्यावर पुढें प्रश्नच उरला नाहीं. कांदा, लसूण, द्राक्षें, मनुका व चॉकलेट हीं मात्र कुत्र्यास विषासमान आहेत. आपण कांदा-लसूण चातुर्मासांत सोडतों. मोतीचा चातुर्मास बारा महिने चालतो. प्रसादाच्या शिऱ्यांतील बेदाणा कौतुकानें त्यास चारणाऱ्या पाहुण्यांस हें आधीं सांगावें लागतें.

२०२३ सालीं आषाढी एकादशी २९ जूनला होती. पालखी नातेपुत्यास आली ती त्याआधीं पांच-सहा दिवस. फलटण व बरड सोडून धर्मपुरीपाशीं माउली आमच्या जिल्ह्यांत प्रवेश करतात, नातेपुत्यास रात्र काढतात, आणि दुसऱ्या दिवशीं पुरंदावड्यास गोल रिंगण होऊन पालखी माळशिरसास जाते. त्या रात्रीं गांवांत पाय ठेवावयास जागा नसते. आम्हीं मोतीची परीक्षा घेण्याचा आग्रह धरला नाहीं. शिकलेल्या कुत्र्यासहि गर्दीं लोटणें हा त्याच्यावर अन्यायच. पहांटे, रस्ता मोकळा असतां, त्यास लांबवर फिरवून आणला, आणि माजघराच्या कोपऱ्यांत त्याच्या गोधडीवर, पट्टा खांबास बांधून, ‘जागेवर’ बसविला. तेथून सोपा व अंगण त्यास दिसत होतें.

दिवसभर माणसें आलीं गेलीं. टाळ वाजत होते, पाण्याचे हंडे भरले जात होते. मोती दोनदां भुंकला, दोनदांहि ‘बस’ म्हटल्यावर बसला. तिन्हीसांजेला दिंडींतील एक म्हातारी, डोक्यावरची तुळस खालीं ठेवून, पाणी मागावयास माजघराच्या दारापर्यंत आली. मी न्हाणीघराकडे होतें; हे बाहेर. दारांत एकट्या सासूबाई. म्हातारीच्या अनवाणी पायाला फोड आलेला, आणि तो पाय मोतीपासून हातभरावर. मोती उठला, कान टवकारले. सासूबाई म्हणाल्या, “थांब.” आठ महिन्यांत त्यांनीं प्रथमच त्यास सरळ आज्ञा केली होती. तो थांबला. म्हातारी वांकून हंसली व म्हणाली, “काय माउली, पाहुण्याला चावायचं नाय बरं का!” मोतीनें त्या पायाचा वास घेतला आणि तो पुन्हां गोधडीवर बसला.

हें सारें मी दाराआडून पाहिलें. सासूबाई आंत गेल्या, आणि बाहेर येऊन भाकरीचा एक तुकडा त्यांनीं आपल्या हातानें, वरून न टाकतां, त्याच्यापुढें धरला. तुपाची वाटी घेऊन कुत्र्यामागें धांवणाऱ्या नामदेवांची गोष्ट त्यांनीं मला लग्नानंतर पहिल्या आषाढांत सांगितली होती. त्या दिवशीं त्यांनीं कांहींच सांगितलें नाहीं. फक्त हात धुऊन पुन्हां माळ घेतली.

मोती अजून आमच्याकडे आहे. मुलगा येतो तेव्हां त्यास उचलून घेतो. मोती थोडा वेळ सोसतो आणि मग खालीं उतरण्यासाठीं चुळबुळ करतो. आपल्या पायांवर उभें राहणें त्यास आतां अधिक आवडतें.

ज्या घरांतून मुलें परगांवीं गेलीं, त्या घरांत असा लहान सोबती यावा ही इच्छा मला पूर्ण समजते. पण तो आणण्यापूर्वीं दोन प्रश्न घरांतल्या सर्वांनीं एकत्र बसून सोडवावे. एक, हीं कुत्रीं बारा ते पंधरा वर्षें जगतात. तितकीं वर्षें त्याचें कोण करणार, आणि करणाऱ्याचें वय तेव्हां काय असेल? दुसरा, त्यास शिकविण्यासाठीं आपण एका शब्दावर यावयास तयार आहों काय? पहिल्याचें उत्तर नसेल तर कुत्रें आणूं नये. दुसऱ्याचें उत्तर ‘होय’ असेल तर पिल्लू घरीं येण्याच्या आदल्या रात्रींच चार शब्द कागदावर लिहून भिंतीस चिकटवावे, आणि तें आल्या दिवसापासून त्याचे चारहि पाय भुईवर ठेवावे.